औषध बदलून काय होणार? नेब्रास्कातल्या जीवाणू क्र. ३६९५० चं प्रकरण

वासराच्या न्यूमोनियात पहिल्या औषधाने दोन दिवसांत ताप उतरला नाही, की आपल्याकडे सर्रास दुसऱ्या गटाचं औषध निघतं. ऑक्सिटेट्रासायक्लिन झालं, आता एन्रोफ्लॉक्सासिन. त्यानेही नाही तर जेंटामायसिन, नाहीतर थेट सेफ्ट्रायाक्सोन. जंतू एका औषधाला सरावला असेल, पण गट बदलला की तो उघडा पडेल, असा त्यामागचा हिशेब. कित्येकदा तो जुळतोही, म्हणून तर ही सवय टिकली. पण हा हिशेब नेमका कुठे कोसळतो हे ज्यांना मुळापासून समजून घ्यायचं आहे, त्यांच्यासाठी अमेरिकेतलं एक जुनं प्रकरण तपशिलात बघण्यासारखं आहे.

२००५ साली नेब्रास्कातल्या एका फीडलॉटमध्ये श्वसनाच्या आजाराच्या एका जनावरातून पाश्चुरेला मल्टोसिडा हा जीवाणू वेगळा काढण्यात आला. नोंदीत त्याला ३६९५० हा क्रमांक मिळाला आणि पुढे जगभरच्या पशुवैद्यकीय साहित्यात तो याच क्रमांकाने ओळखला गेला.

पार्श्वभूमी

फीडलॉट म्हटलं की आपल्या गोठ्याचं चित्र डोळ्यांसमोर आणून चालणार नाही. उघड्यावर कुंपण घातलेले कप्पे, एकेका ठिकाणी हजारो जनावरं, समोर लांबच लांब गव्हाणी आणि त्यात मक्यावर आधारलेलं खाद्य. मांसासाठी जनावरं पोसण्याच्या या धंद्यात नेब्रास्का अमेरिकेतल्या आघाडीच्या राज्यांपैकी एक. इथे येणारं ‘वासरू’ही आपल्या कल्पनेतलं नाही. सहा-आठ महिन्यांचं, आईपासून नुकतंच तोडलेलं, दोन-अडीचशे किलोचं, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या कालवडीएवढं धूड असतं ते.

त्याचा प्रवास पाहिला की आजार का होतो हे वेगळं सांगावं लागत नाही. माळरानावरच्या छोट्या कळपातून ते लिलावाच्या बाजारात येतं, तिथे वेगवेगळ्या मालकांची वासरं एकत्र होतात, मग ट्रकमध्ये शेकडो किलोमीटर, पाणी-चारा धड नाही, आणि उतरल्यावर अनोळखी कप्पा, अनोळखी खाद्य. याच सुमारास कुणाच्या तरी नाकातून आयबीआर, बीआरएसव्ही किंवा पॅराइन्फ्लुएंझाचा विषाणू सगळ्यांत फिरतो आणि श्वासनलिकेचं आतलं अस्तर दुबळं करतो. पाश्चुरेला मल्टोसिडा, मॅनहायमिया हिमोलिटिका, हिस्टोफिलस सोम्नी ही मंडळी निरोगी जनावराच्याही नाका-घशात मुक्कामाला असतातच. एरवी निमूट असलेले हे जीवाणू अशा वेळी खाली फुफ्फुसात उतरतात. मॅनहायमिया तर ल्युकोटॉक्सिन नावाचं विष सोडून बचावाला आलेल्या पांढऱ्या पेशीच मारतो. शवविच्छेदनात फुफ्फुसाचा पुढचा आणि खालचा भाग काळपट लाल, घट्ट झालेला दिसतो. त्याचा तुकडा पाण्यात टाकला तर तरंगत नाही, बुडतो.

अमेरिकेत याला ‘शिपिंग फीवर’ म्हणतात. फीडलॉटमधल्या एकूण आजारपणाचा सर्वांत मोठा वाटा याच एका दुखण्याचा. त्यामुळे तिथे आजाराची वाट न पाहता धोक्याच्या तुकडीतल्या प्रत्येक वासराला, ते ट्रकमधून उतरताच, दीर्घकाळ टिकणाऱ्या अँटिबायोटिकचं एक इंजेक्शन देण्याची पद्धत पडली. शंभर वासरांत वीस-तीस आजारी पडणार असतील तर शंभरांनाही सुई. पैशांच्या गणितात हे बसतं, हे मान्य केलं पाहिजे. या पद्धतीने आजार आणि मरतूक कमी होते, यात शंका नाही. शंका आहे ती याची किंमत कोण आणि कधी मोजतं याबद्दल.

या बाजारात औषधं येत गेली त्यांचा क्रमही ध्यानात ठेवावा. टिल्मिकोसिन १९९२ मध्ये, फ्लोरफेनिकॉल १९९६ मध्ये, गोवंशासाठी एन्रोफ्लॉक्सासिन १९९८ मध्ये आणि ट्युलाथ्रोमायसिन २००५ मध्ये. ट्युलाथ्रोमायसिनचा तर फार बोलबाला झाला. किलोमागे अडीच मिलिग्रॅमची एकच मात्रा, आणि औषध फुफ्फुसात आठवड्याहून जास्त काळ रेंगाळतं. पुन्हा जनावर पकडायला नको, शिकंजात घालायला नको. मालकाला आणखी काय हवं?

प्रयोगशाळेत काय दिसलं

३६९५० ची तपासणी झाली तेव्हा नापास औषधांची यादी संपता संपेना. स्ट्रेप्टोमायसिन, स्पेक्टिनोमायसिन, जेंटामायसिन, कॅनामायसिन, निओमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल, फ्लोरफेनिकॉल, सल्फा, टिल्मिकोसिन, क्लिंडामायसिन आणि ट्युलाथ्रोमायसिनसुद्धा. वर एन्रोफ्लॉक्सासिन. वासराच्या न्यूमोनियासाठी शेल्फवर जे काही ठेवलेलं असतं त्यातलं पेनिसिलिन-सेफॅलोस्पोरिनचं घराणं सोडलं तर फारसं काही उरत नाही.

ट्युलाथ्रोमायसिनचं नाव त्या यादीत असणं मला सर्वांत बोलकं वाटतं. ज्या वर्षी अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली, त्याच वर्षी सापडलेल्या जीवाणूकडे त्याचा तोडगा तयार होता. वरवर हे चमत्कारिक वाटेल, पण त्याआधी तेरा वर्षं टिल्मिकोसिन वापरात होतं आणि दोन्ही औषधं मॅक्रोलाइड गटातली. रेणू नवा असला तरी तो जीवाणूच्या रायबोसोमवर, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर, जिथे जाऊन बसतो ती जागा जुनीच होती.

या सगळ्याचा उलगडा व्हायला २०१२ उजाडलं. जर्मनीतल्या फ्रीडरिक लोफलर संस्थेत श्टेफान श्वार्त्स यांच्या गटाने, गेओव्हाना ब्रेनर मिखाएल यांच्या पुढाकाराने, ग्योटिंगेनच्या जनुकतज्ज्ञांना आणि अमेरिकेतल्या एका पशुऔषध कंपनीच्या संशोधकांना बरोबर घेऊन या जीवाणूचा संपूर्ण जनुकसंच वाचला. त्याच्या गुणसूत्रात, ल्युसिनच्या टीआरएनए (प्रथिनं जुळवायला अमिनो आम्ल आणून देणारा रेणू) जनुकात, बाहेरून येऊन बसलेला एक तुकडा सापडला. लांबी ८२,२१४ बेस जोड्या, म्हणजे डीएनएची तेवढी अक्षरं. त्यात ८८ जनुकं आणि त्यांपैकी १२ अँटिबायोटिकला दाद न देण्याची. या तुकड्याला त्यांनी नाव दिलं आयसीई-पीएमयू-१.

जीवाणूचा एकूण जनुकसंच तेवीस लाख बेस जोड्यांच्या घरात. म्हणजे हा तुकडा त्याच्या जेमतेम साडेतीन टक्के. तेवढ्यात काय काय भरलंय ते पाहा. फ्लो-आर हे जनुक पेशीच्या आवरणात एक पंप बसवतं, जो फ्लोरफेनिकॉल आत शिरताच बाहेर उपसतो. टेट-एच हेच काम टेट्रासायक्लिनसाठी करतं. सल-२ हे सल्फा ज्या एन्झाइमला अडवतं त्याची पर्यायी प्रत पुरवतं, जिला सल्फा चिकटत नाही. अॅमिनोग्लायकोसाइड गटासाठी (स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन वगैरे) पाच वेगवेगळी जनुकं, बहुतेकांचं काम औषधाच्या रेणूला एखादा रासायनिक गट चिकटवून तो निकामी करणं. मॅक्रोलाइडसाठी तर दुहेरी बंदोबस्त आहे. तोवर कुणाला माहीत नसलेलं एर्म-४२ हे जनुक रायबोसोमवर औषध बसण्याच्या जागीच मिथिल गट लावून ठेवतं आणि टिल्मिकोसिन-क्लिंडामायसिनची वाट बंद करतं. शेजारी एमएसआर-ई आणि एमपीएच-ई ही जोडगोळी, जिच्यामुळे टिल्मिकोसिनबरोबर ट्युलाथ्रोमायसिनही बाद होतं. ही जोडी आधी माणसांच्या रुग्णालयांत छळणाऱ्या असिनेटोबॅक्टरसारख्या जीवाणूंत दिसलेली होती.

बारावं जनुक ऑक्सा-२. हे खरं तर पेनिसिलिनच्या घराण्याविरुद्धचं. पण पाश्चुरेलात ते आहे तसं असूनही काम करताना दिसलं नाही. एकुलता एक गट वाचला तो असा.

एन्रोफ्लॉक्सासिनचं कारण मात्र या तुकड्यात नव्हतं. तिथे जीवाणूच्या स्वतःच्या गायर-ए आणि पार-सी या जनुकांत अक्षरबदल झालेले होते. हा फरक महत्त्वाचा आहे. असे बदल आईकडून लेकीकडे जातात, शेजाऱ्याला देता येत नाहीत. आयसीई-पीएमयू-१ देता येतो.

शेजाऱ्याला देणं

हा तुकडा स्वतःला गुणसूत्रातून नेमका कापून घेतो, गोल होतो, दुसऱ्या जीवाणूशी जोडणी करून तिकडे प्रत पाठवतो आणि तिथल्या गुणसूत्रात पुन्हा बसतो. लागणारी यंत्रणा त्याच ८८ जनुकांत आहे. संशोधकांनी हे काचेच्या नळीत करून पाहिलं. दुसऱ्या पाश्चुरेलात तो देणाऱ्या दर दहा हजार पेशींमागे एखाददुसऱ्या वेळी गेला, मॅनहायमियात साधारण लाखात एकदा, आणि ई. कोलायमध्ये दहा लाखांत तीनेकदा. आकडे किरकोळ वाटतात. पण आजारी वासराच्या नाकातल्या घट्ट शेंबडात जीवाणूंची मोजदाद कोटींत करावी लागते, आणि पाश्चुरेला न् मॅनहायमिया तिथे शेजारी-शेजारीच नांदत असतात. त्यातून ई. कोलाय तर आतड्यातला रहिवासी, जनावराच्याही आणि माणसाच्याही.

आता औषध बदलण्याच्या हिशेबाकडे येऊ. बारा जनुकं एकाच तुकड्यात असणं हे एका शिधापत्रिकेवर बारा नावं असण्यासारखं आहे: धान्य कुणाही एकाच्या नावावर मिळो, जेवतं सगळं घर. कळपात ऑक्सिटेट्रासायक्लिन वापरलं, तर टेट-एचमुळे हा तुकडा बाळगणारे जीवाणू तगतात, बाकीचे मरतात. पण तगलेल्यांकडे फ्लो-आरही असतं आणि एमएसआर-ईसुद्धा. म्हणजे ट्युलाथ्रोमायसिनची एकही सुई न मारता ट्युलाथ्रोमायसिनला न जुमानणारे जंतू कळपात वाढले. त्यावर डॉक्टरने गट बदलला, फ्लोरफेनिकॉल काढलं, तरी निवड पुन्हा त्याच तुकड्याची. जुनं, स्वस्त, ‘वापरून वापरून बोथट झालेलं’ औषध म्हणून ज्याकडे आपण काणाडोळा करतो ते महागड्या औषधाची धार घालवू शकतं, ही या प्रकरणातली सर्वांत अस्वस्थ करणारी बाब. गट आलटून-पालटून वापरायच्या सल्ल्यामागे प्रतिकार सुटा-सुटा येतो असं गृहीतक आहे. इथे तो घाऊक आला.

एक वासरू की साथ?

एका जीवाणूवरून एवढं बोलणं अतिशयोक्तीचं वाटू शकतं. कॅन्सस राज्य विद्यापीठाच्या निदान प्रयोगशाळेचे आकडे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. गोवंशाच्या फुफ्फुसातून मिळालेल्या मॅनहायमियापैकी पाच किंवा अधिक औषधांना न जुमानणारे २००९ मध्ये ५ टक्के होते, २०११ मध्ये ३५ टक्के. ऑक्सिटेट्रासायक्लिनला दाद न देणारा जीवाणू आणखी एखाद्या औषधालाही दाद न देण्याची शक्यता साडेतीन पट होती. जनुकं एकत्र प्रवास करतात, याची ही बाहेरून दिसणारी खूण. पुढे मॅनहायमियातही असाच, पण प्रतिरोधाची कमी जनुकं असलेला तुकडा सापडला, आणि टेक्सास-नेब्रास्कातल्या मेलेल्या जनावरांच्या फुफ्फुसांतून असे तुकडे बाळगणारे जीवाणू निघत राहिले.

कॅन्ससचे आकडे वाचताना थोडं जपून. निदान प्रयोगशाळेत नमुना पाठवतात तो उपचार करून हात टेकल्यावर. सहज बरी झालेली वासरं त्या मोजणीत येतच नाहीत. तेव्हा ‘तिकडची ३५ टक्के वासरं असाध्य’ असा अर्थ कुणी काढू नये. पण त्याच प्रयोगशाळेत, त्याच प्रकारच्या नमुन्यांत दोन वर्षांत एवढी चढ, ही मात्र नमुन्यांच्या निवडीवर ढकलता येत नाही.

जॉर्जिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी २०१७ मध्ये दाखवलेली गोष्ट त्याहून थेट आहे. बाजारांतून आलेल्या जोखमीच्या वासरांचे नाकातले स्वॅब त्यांनी आल्याच्या दिवशी आणि साधारण दोन आठवड्यांनी घेतले. मधल्या काळात सगळ्यांना ट्युलाथ्रोमायसिन मिळालेलं होतं. पहिल्या दिवशी मॅनहायमिया थोड्याच वासरांत मिळाला आणि त्यात बहुऔषधप्रतिरोधी अगदी क्वचित. दुसऱ्या वेळी तो बहुतेक वासरांत होता, आणि जवळजवळ सगळाच बहुऔषधप्रतिरोधी. औषधाने रान मोकळं केलं आणि त्यात तगलेल्याने पेरणी केली. त्यातही एकाच कप्प्यात नाकाला नाक लावून उभ्या असलेल्या वासरांनी तो एकमेकांना वाटला, ही बाजू औषधाइतकीच मोठी. मला वाटतं प्रतिरोधाच्या चर्चेत आपण डोस, गट, कंपनी यांवर जेवढं बोलतो त्याच्या चतुर्थांशही जनावरांच्या गर्दीवर बोलत नाही.

अमेरिकेने नियम आवळले ते उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी. मानवी उपचारात महत्त्वाची अँटिबायोटिक्स खाद्य-पाण्यातून वाढीसाठी देणं २०१७ च्या जानेवारीपासून बंद झालं आणि उपचारासाठीही पशुवैद्यकाची परवानगी लागू लागली. ऑक्सिटेट्रासायक्लिन आणि पेनिसिलिनची इंजेक्शनं मात्र शेतीसामानाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळायची, ती जून २०२३ पर्यंत.

आपल्याकडे याचं काय

पाश्चुरेला मल्टोसिडा हे नाव महाराष्ट्रातल्या पशुपालकाला परकं वाटलं तरी त्याची एक शाखा त्याच्या चांगल्या ओळखीची आहे. पावसाळ्याच्या तोंडावर ज्याची लस टोचून घेतात तो घटसर्प याच जीवाणूचा, त्याच्या बी-२ प्रकाराचा. गोवंशाच्या न्यूमोनियात बहुतेक करून ए गटाचे प्रकार असतात. त्यामुळे ‘घटसर्पाची लस झालीय, मग न्यूमोनिया कसा?’ या प्रश्नाचं उत्तर साधं आहे: त्या लशीचा इथे भरवसा धरता येत नाही. जनुकांची देवाणघेवाण करताना मात्र जीवाणू लशीचे प्रकार बघत नाहीत.

हजारो वासरांचे फीडलॉट आपल्याकडे नाहीत, ही जमेची बाजू. पण लोणी किंवा घोडेगावच्या बाजारातून संकरित कालवडी आणून त्याच दिवशी घरच्या वासरांत बांधणं, हे नेब्रास्काच्या ट्रकचंच छोटं रूप आहे. त्यात हिवाळ्यात गारठ्यासाठी पोती लावून बंद केलेला गोठा, खाली ओली जमीन, मुताच्या वासाने डोळे चुरचुरताहेत, आणि गोऱ्हा असला तर त्याच्या वाट्याला चीक पुरेसा गेलेला नाही. अशा वासराला धाप लागली तर पहिली सुई अनेकदा घरातच पडते, आधीच्या गाईला आणलेल्या बाटलीतली, अंदाजाने. डॉक्टर येतात ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या औषधाच्या वेळी.

३६९५० च्या प्रकरणातून कुणी असा अर्थ काढेल की बाकी सगळं नापास आणि सेफॅलोस्पोरिन पास, तर मग पहिल्या दिवसापासून सेफ्ट्रायाक्सोनच बरं. तसं होतंही आहे. हा अर्थ दोन कारणांनी चुकीचा. तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्स माणसांच्या गंभीर संसर्गात राखून ठेवायची औषधं आहेत, आणि अमेरिकेने २०१२ मध्येच पशुधनात त्यांच्या मनमानी वापरावर निर्बंध आणले. दुसरं, न्यूमोनियात मायकोप्लाझ्मा बोव्हिस असेल तर पेनिसिलिन काय किंवा सेफॅलोस्पोरिन काय, सगळं वाया, कारण ज्या पेशीभित्तिकेवर ही औषधं घाव घालतात ती मायकोप्लाझ्माला नसतेच.

मग पहिलं औषध कोणतं? गोठ्याचा इतिहास पाहून साधं, अरुंद पल्ल्याचं (मोजक्याच प्रकारच्या जंतूंवर चालणारं), पण वजनाच्या मापाने पूर्ण मात्रेत आणि ठरलेले दिवस. वजन डोळ्यांनी ठरवण्यापेक्षा छातीच्या घेराची फीत वापरावी, कारण नजरेला वासरू बहुधा हलकं वाटतं. सोबत सूज उतरवणारं औषध, कोरडी जागा, आजारी वासरू वेगळं. ताप आणि खाणं यांत ४८ ते ७२ तासांत फरक पडला नाही, तर पुढची बाटली फोडण्याआधी नमुना. ट्युलाथ्रोमायसिनसारखं दीर्घकाळ टिकणारं औषध दिलं असेल, तर ते अजून काम करत असतानाच ‘लागू पडलं नाही’ म्हणून दुसरं देण्याची घाईही टाळावी.

नमुन्याबद्दल थोडं सविस्तर. नाकपुडीच्या तोंडाशी फिरवलेला बोळा काही सांगत नाही, तिथे शेण-मातीतलं सगळं गोकुळ सापडतं. लांब, आवरणातला स्वॅब नाकपुडीपासून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत जेवढं अंतर, तेवढा आत नेऊन घ्यावा, किंवा श्वासनलिका धुऊन पाणी घ्यावं. एकाच वासराचा न घेता, नुकत्याच आजारी पडलेल्या आणि औषध न दिलेल्या तीन-चार वासरांचा मिळाला तर सोन्याहून पिवळं. तो ट्रान्सपोर्ट माध्यमात (जंतू वाटेत जिवंत ठेवणाऱ्या द्रावात किंवा जेलमध्ये), बर्फावर ठेवून जवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात किंवा औंधच्या रोग अन्वेषण विभागात शक्यतो चोवीस तासांच्या आत पोचता करावा. वासरू मेलंच तर फुफ्फुसाच्या निरोगी आणि घट्ट भागाच्या सीमेवरचा तुकडा पाठवावा. पार सडलेल्या भागात मूळ गुन्हेगार मिळत नाही.

अर्जावर आधी दिलेल्या औषधांचा रकाना असतो आणि तो बहुधा कोरा येतो. तिथे घरात टोचलेलं इंजेक्शनसुद्धा तारखेसह लिहावं. अहवाल आल्यावर फक्त ‘कोणतं चालतं’ एवढं न बघता कोणकोणती औषधं एकत्र नापास झाली आहेत ते पाहावं. टेट्रासायक्लिन, फ्लोरफेनिकॉल, मॅक्रोलाइड आणि अॅमिनोग्लायकोसाइड असे चार निरनिराळे गट एका ओळीत नापास दिसले, तर असा एखादा तुकडा असल्याचा संशय घ्यायला जागा आहे. त्या गोठ्यात यांपैकी कुठलंही औषध दुसऱ्याला पर्याय म्हणून लिहिण्यात अर्थ नाही, आणि नव्या कालवडी आणल्या तर त्या किमान तीन आठवडे वेगळ्या दावणीला, वेगळ्या बादलीने पाणी पाजूनच ठेवाव्या लागतील.